शामक गोळ्या सोडताना : संक्षेपांचा अर्थ आणि अनर्थ

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या आत्याची पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. वय ७४, आयुष्यभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली शिक्षिका. शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली आणि तिसऱ्या दिवशी तिला घरी सोडण्यात आले. घरी आल्यावर डिस्चार्ज कार्ड मीच तिला वाचून दाखविले. एक प्रतिजैविक, एक वेदनाशामक, आम्लपित्ताची एक गोळी आणि सर्वांत शेवटच्या ओळीत ‘टॅब. अल्प्राझोलाम ०.५ एसओएस’. ती ओळ मी वाचली आणि कार्ड मिटून तिच्या हाती दिले.

दोन दिवसांनी तिची झोप पूर्ण उडाली. हात थरथरू लागले, अंगाला दरदरून घाम सुटू लागला. कुकरची शिट्टी झाली की ती दोन्ही कान घट्ट दाबून धरी. ‘अंगावरून मुंग्या चालताहेत’ असे ती वारंवार सांगे. शस्त्रक्रियेनंतरचा जंतुसंसर्ग असावा, या समजुतीने आम्ही रक्त व लघवी तपासली, सोनोग्राफी केली. सर्व अहवाल निर्दोष. कागदावर शेरा आला, ‘एनएडी’. घरातील एकाने त्याचे भाषांतर केले, ‘काही नाही झालेलं, धास्ती घेतलीय नुसती’. खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटू लागले होते. चौथ्या रात्री तिला भिंतीवर मुंग्यांची रांग दिसू लागली, तेव्हा मी माझ्या एका मनोविकारतज्ज्ञ मित्राला दूरध्वनी केला. त्याने एकच प्रश्न विचारला, “शस्त्रक्रियेपूर्वी त्या रोज कोणती गोळी घेत होत्या का?”

होय, घेत होती. काका गेले तेव्हा सुरू झालेली अल्प्राझोलाम, सकाळी ०.२५ आणि रात्री ०.५ मिलिग्रॅम, गेली नऊ वर्षे नित्यनेमाने. मी तिला विचारले, “आत्या, गोळी का बंद केलीस?”

ती म्हणाली, “बंद कुठे केली रे? कार्डावर ‘एसओएस’ लिहिलंय ना. बुडत्या जहाजावरून पाठवतात तो संदेश, असं वर्गात मीच शिकवलंय. म्हटलं, अगदी जिवावर बेतलं तरच घ्यायची. तेवढं काही झालं नव्हतं अजून.”

तिच्या ज्ञानात काहीच उणे नव्हते. तिला जो अर्थ ठाऊक होता तोच तिने लावला. उणीव होती ती कार्ड लिहिणाऱ्याच्या तीन अक्षरांत आणि ते वाचून पुढे जाणाऱ्या माझ्या डोळ्यांत. प्रस्तुत लेख त्या ओळीचे प्रायश्चित्त म्हणून लिहीत आहे. शामक औषधे सोडण्याच्या काळात रुग्णाच्या कागदावर जे संक्षेप आणि ज्या संज्ञा येतात, त्यांचा अर्थ व्यावसायिक बंधूंनी आणि समाजातील वाचकांनी एकत्र बसून समजून घ्यावा, एवढाच त्याचा हेतू.

ही औषधे कोणती?

‘टेन्शनची गोळी’, ‘झोपेची गोळी’ या नावांनी आपल्या घराघरांत ओळखली जाणारी बहुतेक औषधे बेंझोडायझेपिन या कुळातील असतात. या कुळातील पहिले औषध क्लोरडायझेपॉक्साइड. लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाने ते हॉफमान-ला रोश कंपनीच्या न्यू जर्सीतील प्रयोगशाळेत सिद्ध केले आणि १९६० साली ते बाजारात आले. पाठोपाठ १९६३ मध्ये डायझेपाम आले. त्यापूर्वीच्या बार्बिच्युरेट औषधांपेक्षा ही पुष्कळच सुरक्षित असल्याने त्यांचा प्रसार झपाट्याने झाला. अपस्माराचा झटका थांबविणे, शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला शांत करणे, तीव्र चिंतेचा अल्पकालीन उपचार करणे या कामांत आजही त्यांना मोल आहे. दोष औषधात नसून त्याच्या बेहिशेबी मुदतीत आहे.

मेंदूतील ‘गाबा’ नामक रसायन मज्जापेशींच्या उत्तेजनाला आवर घालते. ही औषधे त्या रसायनाचा प्रभाव वाढवितात. गोळी महिनोन्महिने चालू राहिली की मेंदू तिला गृहीत धरून आपली घडी बसवितो व स्वतःचा आवर सैल करतो. मग गोळी एकाएकी काढून घेतली, तर उतारावरील गाडीचा ब्रेक निघावा तशी मज्जासंस्थेची अवस्था होते. थरकाप, घाम, अनिद्रा, आवाज व प्रकाश असह्य होणे, भास आणि क्वचित प्राणघातक ठरू शकणारे झटके ही त्याची रूपे होत.

आपण घेतो ती गोळी या कुळातील आहे की नाही, हे ओळखण्याची एक खूण सांगतो. वेष्टनावरील मोठ्या अक्षरांतील व्यापारी नाव सोडून द्यावे आणि खाली बारीक अक्षरांत छापलेले मूळ नाव वाचावे. डायझेपाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम, नायट्राझेपाम यांच्या शेवटी ‘पाम’ येते; अल्प्राझोलाम, मिडाझोलाम यांच्या शेवटी ‘लाम’ येते. क्लोबाझाम आणि क्लोरडायझेपॉक्साइड मात्र या खुणेला अपवाद आहेत. आणि ‘पाम’ व ‘प्राम’ यांची गल्लत करू नये. एस्सिटालोप्राम हे नैराश्यावरील औषध सर्वस्वी निराळ्या कुळातील आहे.

वेष्टनाच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत ‘एनआरएक्स’ असे चिन्ह दिसले, तर ते औषध १९८५ च्या अमली व मनःप्रभावी पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत येते, असे समजावे. ‘शेड्यूल एच-१’ ही १ मार्च २०१४ पासून अमलात आलेली यादी. अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड, नायट्राझेपाम, मिडाझोलाम, तसेच झोल्पिडेम ही औषधे तिच्यात समाविष्ट आहेत. त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद औषधविक्रेत्याने ठेवावयाची असते आणि ती तीन वर्षे जपावयाची असते. औषध दुकानदार चिठ्ठी मागतो तेव्हा तो आपली अडवणूक करीत नसतो, हे यावरून ध्यानात यावे.

चिठ्ठीवरील आद्याक्षरे

आता संक्षेपांकडे वळू. यांतील बरेचसे लॅटिन भाषेतून आले आहेत आणि आम्हा डॉक्टरांपैकीही अनेकांना त्यांचे मूळ शब्द सांगता येणार नाहीत.

एसओएस – ‘सि ओपुस सित’, म्हणजे ‘गरज पडल्यास’. जहाजांच्या संकट-संदेशाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. परदेशी कागदांवर याच अर्थाने ‘पीआरएन’ आढळते. डोके दुखल्यास घ्यावयाच्या गोळीपुढे हा संक्षेप शोभतो. जो रुग्ण शामक गोळी रोज घेत आला आहे, त्याच्या कार्डावर तो लिहिणे म्हणजे औषध एकाएकी बंद करण्याचा आदेश नकळत देणेच होय.

ओडी – आपल्याकडे ‘दिवसातून एकदा’. तथापि अपघात विभागाच्या कागदावर हीच दोन अक्षरे ‘ओव्हरडोस’, अर्थात अतिमात्रा, या अर्थाने येतात आणि नेत्रवैद्याच्या कागदावर ‘उजवा डोळा’ या अर्थाने. ‘अल्प्राझोलाम ओडी’ या दोन शब्दांचा अर्थ ‘रोज एक गोळी’ असाही होऊ शकतो आणि ‘गोळ्यांची अतिमात्रा घेतली’ असाही. एखाद्याच्या जुन्या कागदांत हा शेरा चुकीच्या अर्थाने वाचला गेला, तर त्याच्यावर आत्महत्येच्या प्रयत्नाचा शिक्का बसावयास वेळ लागणार नाही.

बीडी, टीडीएस, एचएस – अनुक्रमे दिवसातून दोनदा, तीनदा आणि झोपतेवेळी. या सर्वांपेक्षा आपल्याकडे रूढ असलेली ‘१-०-१’ ही पद्धत रुग्णाला अधिक सहज कळते. सकाळ, दुपार, रात्र, हा तिचा क्रम निरक्षर माणसालाही एकदा सांगितला की पुरतो.

एमडी – हा माझ्या नावापुढेही आहे. परंतु गोळीपुढे तो आला तर ‘तोंडात विरघळणारी’ एवढाच त्याचा अर्थ. ‘ही गोळी एमडी झालेली म्हणजे जास्त ताकदीची ना?’ असे एका आजींनी मला विचारले होते. ताकद मिलिग्रॅमच्या आकड्यात असते, या अक्षरांत नव्हे.

एसआर, सीआर, एक्सआर – औषध सावकाश, तासन्‌तास पाझरत राहील अशी रचना केलेली गोळी. मात्रा कमी करावयाची म्हणून अशी गोळी कुटू वा चावू नये आणि डॉक्टरांना वा औषधविक्रेत्याला विचारल्यावाचून तोडूही नये. तिची रचना मोडते आणि सावकाश पाझरावयाचे औषध एकदम अंगात उतरते.

प्लस – नावापुढे ‘प्लस’ वा तत्सम शेपूट असेल, तर आत दुसरेही औषध असण्याची शक्यता असते. क्लोनाझेपामसोबत एस्सिटालोप्राम, अल्प्राझोलामसोबत प्रोप्रॅनोलॉल, क्लोरडायझेपॉक्साइडसोबत अमिट्रिप्टिलिन अशा जोडगोळ्या आपल्याकडे सर्रास मिळतात. पोटाच्या मुरड्यावरची म्हणून दिली जाणारी क्लोरडायझेपॉक्साइड व क्लिडिनियम यांची गोळी हीही त्यांतलीच. ‘मी कधीच झोपेची गोळी घेत नाही, फक्त पोटाची घेतो’ असे सांगणारे सद्गृहस्थ प्रत्यक्षात वर्षानुवर्षे शामक घेत असतात. जोडगोळी एकदम थांबविली, तर दोन औषधे एकदम थांबतात, हेही विसरू नये.

सीएसटी – ‘आहे तेच उपचार चालू ठेवा’. दिसावयास निरुपद्रवी अशा याच तीन अक्षरांनी माझ्या आत्याची काही आठवड्यांसाठी दिलेली गोळी नऊ वर्षे चालविली. प्रत्येक भेटीत रक्तदाब पाहिला गेला, साखर पाहिली गेली आणि खाली ‘सीएसटी’ लिहिले गेले. गोळी का सुरू झाली होती, हा प्रश्न कोणीच विचारला नाही. मीही नाही.

एनएडी – ‘दोष आढळला नाही’. तपासणीत दोष आढळला नाही, एवढेच ते विधान आहे. ‘रुग्णाला त्रास नाही’ असे ते म्हणत नाही. शामक सोडतानाच्या त्रासात रक्त, लघवी, छायाचित्रे बहुधा निर्दोषच येतात. त्याचे निदान प्रयोगशाळेत होत नाही. ते होते औषधांचा इतिहास विचारल्याने.

डी/सी – याचा अर्थ ‘घरी सोडले’ असाही होतो आणि ‘औषध बंद केले’ असाही. गोळ्यांच्या यादीच्या डोक्यावर हा शेरा पडला, तर यादीतील सर्व औषधे बंद झाली असे वाचणारा समजू शकतो.

याखेरीज दशांशचिन्हाचा धोका आहेच. ‘.५’ असे लिहिले आणि टिंब पुसट झाले, तर ५ होतात. ‘१.०’ असे लिहिले आणि टिंब नजरेआड झाले, तर १० होतात. म्हणून टिंबापूर्वी शून्य अवश्य द्यावे आणि पूर्णांकानंतर शून्य कदापि देऊ नये. मराठीत तर आपल्यापाशी याहून उत्तम साधन आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड हे शब्द आपल्या आजीलाही ठाऊक आहेत. ०.२५ च्या शेजारी ‘पाव मिलिग्रॅम’ आणि ०.७५ च्या शेजारी ‘पाऊण मिलिग्रॅम’ असे अक्षरांत लिहिले, तर टिंबाची चूक होणे जवळजवळ अशक्य होईल. परंतु ‘अर्धी गोळी’ एवढेच कधीही लिहू नये. क्लोनाझेपामची गोळी ०.२५, ०.५, १ आणि २ मिलिग्रॅम अशा ताकदींत मिळते. पट्टी बदलली की त्या अर्ध्या गोळीचा अर्थही बदलतो.

बालरुग्णांच्या कक्षात तीच अक्षरे

बालरोगतज्ज्ञाने या विषयात का पडावे, असे कोणास वाटेल. परंतु शामक सोडण्याचा त्रास मुलांनाही होतो आणि बालकांच्या अतिदक्षता कक्षात तो आम्हाला पाहावा लागतो. कृत्रिम श्वसनयंत्रावर असलेल्या मुलाला मिडाझोलाम व फेंटानिल यांसारखी औषधे सलग शिरेतून द्यावी लागतात. पाच दिवसांहून अधिक काळ ती चालली की सोडताना त्रास होण्याचा संभव वाढतो. मूल थरथरते, घामाघूम होते, समजूत घालूनही रडणे थांबवत नाही, ताप येतो, उलट्या-जुलाब होतात, झोप लागत नाही. आई म्हणते, ‘मूल यंत्रावरून निघालं, मग आता असं का करतंय?’

हा त्रास मोजण्यासाठी दोन मापनपट्ट्या प्रचलित आहेत. एक ‘वॅट-१’, तीत ३ वा अधिक गुण चिंताजनक मानतात. दुसरी नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या सोफिया बाल रुग्णालयात तयार झालेली. तीत १५ लक्षणे तपासतात आणि ४ वा अधिक गुण आल्यास औषध सोडण्याचा त्रास असल्याचे धरतात. त्या रुग्णालयाच्या नावावरून पट्टीला नाव मिळाले ‘सोफिया ऑब्झर्वेशन विथड्रॉअल सिम्प्टम्स’ आणि तिचा संक्षेप झाला, पुन्हा, ‘एसओएस’!

दुसऱ्या शहरातून आमच्याकडे पाठविलेल्या एका चार वर्षांच्या मुलाच्या कागदावर एक ओळ होती, ‘लोराझेपाम चालू, एसओएस ५’. पाठविणाऱ्याला म्हणावयाचे होते की मुलाचे त्या पट्टीवर ५ गुण आहेत. आमच्या तरुण निवासी डॉक्टरने वाचले, ‘गरज पडल्यास ५ मिलिग्रॅम’. १६ किलो वजनाच्या मुलाला एका वेळी दीड मिलिग्रॅमच्या आसपास मात्रा ही जवळपास मर्यादा. पाच मिलिग्रॅमने त्याचा श्वास मंदावला असता. औषध भरता भरता आमच्या सिस्टरचा हात थांबला. “सर, एवढ्याशा मुलाला पाच?” एवढे ती म्हणाली. त्या प्रश्नाने ते मूल वाचले. त्या तरुणाला मी रागावलो नाही. दोन्ही अर्थ खरे होते आणि कागदावर ‘गुण’ हा दोन अक्षरी शब्द लिहिलेला नव्हता.

आणखी एक उदाहरण. तापात झटके येणाऱ्या मुलांना काही वेळा तापाच्या दोन-तीन दिवसांपुरती क्लोबाझाम दिली जाते. तेथे ‘ताप आल्यास’ ही सूचना रास्त आहे आणि एवढ्या अल्प मुदतीनंतर ती हळूहळू सोडण्याची गरज नसते. पण तेच क्लोबाझाम अपस्मारासाठी महिनोन्महिने रोज चालू असेल, तर एक दिवसही ते अचानक थांबवू नये. शेजारणीच्या मुलाची चिठ्ठी पाहून आपल्या मुलाची गोळी थांबविणाऱ्या माता मी पाहिल्या आहेत. औषध एक, संक्षेप एक, पण मुदत निराळी म्हणून नियमही निराळा.

काही संज्ञा आणि त्यांतील सूक्ष्म भेद

आद्याक्षरांचा अर्थ एकदा सांगितला की उमगतो. संज्ञांचे तसे नसते. त्या ओळखीच्या वाटतात, म्हणूनच अधिक फसवितात.

सराव, अवलंबन आणि व्यसन. ठरावीक मात्रेचा परिणाम कालांतराने कमी होणे म्हणजे सराव. औषध थांबविताच शरीराने तक्रार करणे म्हणजे शारीरिक अवलंबन. हानी होत असूनही औषधामागे धावणे, त्यासाठी खोटे बोलणे, मात्रा स्वतःच वाढवीत जाणे हे व्यसन. पहिल्या दोन गोष्टी सांगितल्याप्रमाणे औषध घेणाऱ्या कोणत्याही सज्जन माणसाच्या शरीरात घडतात. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या पाचव्या निदानसंहितेत हे स्पष्ट केले आहे. वैद्यकीय देखरेखीखाली औषध घेताना आलेला सराव व सोडतानाची लक्षणे व्यसनाचे निकष म्हणून धरू नयेत, असे ती सांगते. माझ्या आत्याने नऊ वर्षांत एकही गोळी जास्तीची घेतली नव्हती. तरीही ‘तुम्हाला गोळीचं व्यसन लागलंय’ हे वाक्य तिला ऐकावे लागले आणि शस्त्रक्रियेच्या वेदनेपेक्षा त्याने ती अधिक दुखावली. फायलीवर ‘एफ १३.२’ असा सांकेतिक अंक दिसला, तर तो शामक वा निद्राकारक औषधांवरील अवलंबनाचा; ‘एफ १३.३’ असेल, तर औषध सोडतानाच्या अवस्थेचा. दोहोंत भेद आहे आणि विम्याच्या कागदांवर तो भेद रुग्णाच्या हिताचा ठरतो.

उसळी, विराम-लक्षणे आणि पुनरुद्भव. मूळचीच तक्रार, उदाहरणार्थ अनिद्रा, गोळी थांबविताच पूर्वीपेक्षा तीव्र होऊन परत येणे आणि काही दिवसांत ओसरणे ही उसळी. पूर्वी कधीच नसलेल्या तक्रारी निर्माण होणे, जसे त्वचेवर मुंग्या, तोंडाला धातूसारखी चव, स्नायू उडणे, आवाज असह्य होणे, ही विराम-लक्षणे. आणि मूळचा आजार, पूर्वीच्याच रूपात, सावकाश परतणे म्हणजे पुनरुद्भव. हा भेद न केल्यास काय होते? विराम-लक्षणांना ‘जुना आजार उलटला’ असे म्हटले जाते आणि जन्मभराची गोळी पुन्हा माथी बसते. उलटपक्षी खरा आजार परतला असताना ‘हे गोळी सोडल्यामुळेच’ म्हणून दुर्लक्ष होते. डॉक्टरांनी दोन प्रश्न अवश्य विचारावेत. शेवटची मात्रा कधी कमी केली? आणि ही तक्रार गोळी सुरू होण्यापूर्वी कधी होती का?

अर्धायुष्य. रक्तातील औषधाचे प्रमाण निम्मे होण्यास लागणारा काळ. अल्प्राझोलामचे अर्धायुष्य निरोगी प्रौढात सरासरी ११ तास, तर वृद्धांत सुमारे १६ तास. डायझेपाम आणि त्याच्यापासून शरीरात बनणारी द्रव्ये मात्र कित्येक दिवस रेंगाळतात. म्हणून अल्प्राझोलाम थांबविल्यावर एक-दोन दिवसांतच त्रास सुरू होतो, तर डायझेपाम थांबविल्यावर आठवडाभरही सारे ठीक वाटू शकते. ‘चार दिवस झाले, काही झालं नाही, म्हणजे सुटली गोळी’ हा निष्कर्ष घाईचा ठरतो.

समतुल्य मात्रा. ब्रिटनमधील न्यूकॅसल येथे प्रा. हेदर अ‍ॅश्टन यांनी १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षे शामक सोडू इच्छिणाऱ्यांसाठी चिकित्सालय चालविले. त्यांच्या तक्त्याप्रमाणे ०.५ मिलिग्रॅम अल्प्राझोलाम, ०.५ मिलिग्रॅम क्लोनाझेपाम, १ मिलिग्रॅम लोराझेपाम आणि १० मिलिग्रॅम डायझेपाम ही साधारण सारख्या ताकदीची. असे तक्ते ढोबळ असतात आणि निरनिराळ्या तक्त्यांतील आकडे एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. म्हणून औषधबदल घरच्या घरी करू नये. पण एक बोध पक्का आहे. ‘अर्धा मिलिग्रॅम म्हणजे किती, मुंगीएवढा’ हा समज खोटा आहे. आकडा लहान असला तरी औषध लहान नसते.

सोडावे कसे?

याचे उत्तर एका शब्दात द्यावयाचे तर ‘क्रमशः’. अमेरिकेतील अनेक वैद्यकीय संघटनांनी मिळून २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूत्रांनुसार सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी मात्रेत ५ ते १० टक्के घट करण्याचा विचार करावा आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांहून अधिक घट सहसा करू नये. पुढील गती रुग्णाच्या सोसण्यावर ठरवावी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२० मध्ये या संपूर्ण कुळावरील चौकटीतील इशाऱ्यात अवलंबन व विराम-लक्षणांचा समावेश केला, हेही लक्षात घ्यावे.

घटीच्या काळात गोळी ‘गरजेनुसार’ नसते. ती ठरल्या वेळी, ठरल्या मात्रेत घ्यावयाची असते. त्रास झाला की जास्त आणि बरे वाटले की काहीच नाही, अशा हिंदोळ्यावर मेंदूची घडी कधीच बसत नाही. त्याऐवजी झोल्पिडेम घेणे हाही खरा पर्याय नव्हे, कारण तेही त्याच ग्राहकांवर काम करते. मद्याचेही तेच. झटका आला, भ्रम झाला वा जीव नकोसा वाटू लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आणि हा लेख वाचून कोणीही आपली गोळी उद्यापासून बंद करू नये. आधी डॉक्टरांकडे जावे आणि विचारावे, ‘ही मला अजून लागते का, आणि नसेल तर किती दिवसांत सोडायची?’

विनंती

माझ्या व्यवसायबंधूंना तीन विनंत्या कराव्याशा वाटतात. रुग्णाला दाखल करून घेताना तो घरी रोज घेत असलेल्या प्रत्येक गोळीची, पोटाच्या गोळीसकट, नोंद करावी. रोज शामक घेणाऱ्याच्या कार्डावर ‘एसओएस’ हा शब्द लिहू नये. रोजची मात्रा, वेळ आणि मुदत पूर्ण अक्षरांत लिहावी. औषधे मूळ नावाने, सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, असे भारतीय वैद्यक परिषदेच्या नियमांत २०१६ साली सांगितलेच आहे. आपण अक्षरांबरोबर अर्थही सुवाच्य करावा. आणि कार्ड हाती देताना रुग्णाला म्हणावे, ‘आता तुम्ही मला सांगा, ही गोळी कशी घ्याल?’ हा प्रश्न मी आत्याला विचारला असता, तर जहाजाची गोष्ट मला त्याच दिवशी कळली असती आणि तिच्या चार रात्री वाचल्या असत्या.

वाचकांना एकच विनंती. आपण येथे तीन भाषांत जगतो. घरी मराठी, दुकानात हिंदी आणि दवाखान्याच्या कागदावर इंग्रजी. या प्रवासात एखादा अर्थ वाटेत सांडणे स्वाभाविक आहे. म्हणून न समजलेले अक्षर विचारण्यात संकोच मानू नये. विचारणारा अडाणी ठरत नाही. न सांगणारा डॉक्टर अपुरा ठरतो.

आत्याची गोळी आम्ही पूर्वीच्या मात्रेवर पुन्हा सुरू केली आणि मित्राच्या देखरेखीखाली चौदा महिन्यांत सोडविली. मधे दोनदा थांबावे लागले. तिने स्वतःच एका वहीत तक्ता आखला होता. त्यात एकही संक्षेप नव्हता. ‘सकाळी पाव मिलिग्रॅम, रात्री पाव मिलिग्रॅम, पुढील दोन आठवडे’ असे तिच्या वळणदार अक्षरांत पूर्ण लिहिलेले. शेवटच्या पानावर ‘आजपासून गोळी नाही’ असे लिहून तिने खाली तारीख घातली आणि वही माझ्या हाती दिली. ती वही आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे. डिस्चार्ज कार्ड लिहावयास बसलो की मी आधी ती उघडतो.